नवा चाकू रुळवताना: आधी सांधा, मग धार

माझा पहिला चांगला घडीचा चाकू जुलैतल्या एका रविवारी मिटला, तो पुढचे तीन दिवस उघडलाच नाही. ठाण्याच्या येऊरच्या जंगलातून भिजून आले होते. वाटेत काकड्या कापल्या, पातं टी-शर्टला पुसलं, घडी घातली आणि चाकू सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकला. बुधवारी त्याची आठवण झाली तेव्हा लाकडी मूठ फुगून पात्याला अशी गच्च धरून बसली होती की माझं नख मोडलं. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये तीस वर्षं फिटर होते. त्यांनी चाकू हातात घेतला, पातं मिटतं ती खोबण असलेली बाजू खाली धरली आणि मुठीचं मागचं टोक ओट्याच्या कडप्प्यावर दोनदा ठक्क करून आपटलं. पातं तांदळाएवढं बाहेर डोकावलं. मग नखाने धरून उघडलं.

तो चाकू ओपिनेलचा होता. फ्रान्सच्या डोंगराळ सावोआ भागात १८९० पासून हे चाकू बनतात. बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते ही तिथली जुनी गोष्ट आहे आणि तिथले लोकही मूठ अशीच आपटून पातं बाहेर काढतात. त्या युक्तीला त्यांच्याकडे ‘सावोआवाल्याचा ठोका’ अशा अर्थाचं नावसुद्धा आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग? लाकूड इथलं काय नि तिथलं काय.”

नवीन चाकू घेतलेली मंडळी मला पहिला प्रश्न धारेचाच विचारतात. पण धार गेली तर परत लावता येते. ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत चाकू खराब होतो तो सांध्यात. पातं मुठीला जिथे जोडलेलं असतं आणि जिथे आपली नजर जात नाही, तिथे. म्हणून या लेखात धार उशिरा येईल.

हातात काय आहे ते आधी ओळखा

साधा स्प्रिंगचा चाकू म्हणजे ज्याला लॉक नसतं. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याला उघडं आणि मिटलेलं ठेवते. व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा लाल चाकू हे त्याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. असे चाकू रिव्हेट ठोकून बनवलेले असतात, ते खोलता येत नाहीत, खोलायचा प्रयत्नही करू नका. ओपिनेलला सांध्यावर एक फिरती कडी असते. पातं उघडून कडी फिरवली की ते अडकतं. ही कडी १९५५ साली आली, त्याआधीचे ओपिनेल साधेच मिटायचे. तिसरा प्रकार स्क्रूचा. मुठीच्या आत पातळ पट्टी असते आणि पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाला टेका देते. याला लायनर लॉक म्हणतात. हल्ली ऑनलाइन मागवलेले बहुतेक चाकू याच जातीचे निघतात.

मग पोलाद. ‘स्टेनलेस’ म्हणवून घ्यायला पोलादात साधारण १०.५ टक्के तरी क्रोमियम लागतं. डी-टू नावाचं पोलाद स्वस्त चाकूंमध्ये सर्रास दिसतं. त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण कार्बनही दीड टक्का असतो आणि तो बराचसा क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. त्यामुळे कागदावर ते गंजरोधक वाटतं आणि पावसाळ्यात त्यावर ठिपके येतात. डी-टू वाईट नाही, धार छान धरतं, फक्त त्याला पुसायची सवय हवी.

कार्बन पोलादाचं, म्हणजे क्रोमियम जवळजवळ नसलेलं पातं घेतलं असेल तर घाबरू नका, तुम्ही ते लहानपणापासून पाहत आला आहात. घरची जुनी विळी (माझ्या आजोळी मालवणला तिला आडाळो म्हणत) कैरी चिरली की काळी पडायची, केळफुलाने तर निळसर-करडी व्हायची, आणि तरी वर्षानुवर्षं गंजली नाही. तो काळपटपणा म्हणजे पोलादावर बसलेला दाट थर. तो तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. कार्बनच्या नव्या पात्यावर असा थर लवकर यावा म्हणून लोक व्हिनेगरमध्ये बुडवून वगैरे ठेवतात. मी नाही ठेवत. मे महिन्यात दोन डझन हापूस कापा, थर आपोआप येतो आणि आंबेही खायला मिळतात. अट एकच: कापून झाल्यावर पातं पुसायचं. आजीची विळी गंजली नाही याचं कारण ती रोज वापरात होती आणि रोज पुसली जात होती. पुढे ती माळ्यावर गेली आणि एका पावसात लाल झाली.

पहिल्या दिवशी

खोक्यातून निघालेला चाकू लगेच वापरू नका. कारखान्यातलं जाड ग्रीस, घासकामाची पूड, कधी पॉलिशची भुकटी, हे सगळं सांध्यात बसलेलं असतं. नवा चाकू जड वाटतो तो बऱ्याचदा यामुळेच.

स्टेनलेस पातं आणि प्लास्टिक किंवा धातूची मूठ असेल तर वाडग्यात कोमट पाणी घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि पाण्यातच चाकू पाच-सहा वेळा उघडा-मिटा. सांध्यात जुना टूथब्रश फिरवा. पात्याची खोबण टूथपिकने साफ करा. मग स्वच्छ पाण्याने धुऊन कापडाने पुसा आणि अर्धवट उघडा ठेवून पंख्याखाली तासभर राहू द्या. गॅसवर किंवा तव्यावर वाळवू नका. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात बुडवायचाच नाही. त्याचं पातं ओल्या फडक्याने पुसायचं आणि सांध्यात कापसाच्या काडीने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं. ते करोनाच्या काळापासून निम्म्या घरांत पडून आहेच.

कोरडा झाल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक थेंब तेल. थेंब म्हणजे टाचणीच्या टोकावर राहील एवढा. दहा-पंधरा वेळा उघडा-मिटा. सांध्यातून काळं ओघळेल, ती पूड आहे, पुसून टाका. पुन्हा एक थेंब घाला. तेल स्वच्छ यायला लागेपर्यंत हे चालू ठेवा. माझ्या एका डी-टूच्या चाकूला सहा फेऱ्या लागल्या होत्या. लाल स्विस चाकूतून पहिल्या फेरीलाच जवळजवळ काही आलं नाही.

हे करताना बोटं कुठे आहेत ते बघा. साध्या स्प्रिंगचा चाकू मिटताना शेवटच्या टप्प्यात पातं अचानक ओढलं जातं आणि पहिल्या आठवड्यात नवख्याला तिथेच कापतं. मूठ एका तळहातात आडवी धरायची, बोटं खोबणीच्या बाहेर, आणि दुसऱ्या तळव्याने पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा.

रुळवणं

कोल्हापुरी चप्पल नवीन असताना चावते आणि आठवडाभर घालून, तेल लावून ती पायाला बसते, तसाच हा प्रकार आहे. उघडमिटीने पात्याच्या बुडावरचे आणि वॉशरवरचे बारीक खडबडीत कंगोरे झिजून सपाट होतात, स्प्रिंगचं टोक आपली जागा शोधतं. त्याला वेळ द्यावा लागतो, पण फार नाही.

आठवडाभर रोज पंधरा-वीस वेळा, सावकाश. टीव्हीवर बातम्या बघत करा, मालिका नको; मालिकेत लक्ष गुंतलं की बोट जातं. दोन दिवसांनी सांधा पुसून नवा थेंब द्या. चाकू उघडताना मनगटाचा झटका मारू नका. व्हिडिओत तो रुबाबदार दिसतो, पण प्रत्येक झटक्याला पातं आपल्या अटकावावर हातोड्यासारखं आदळतं आणि लॉक सैल व्हायला तिथूनच सुरुवात होते.

काही लोक सांध्यात टूथपेस्ट किंवा भांडी चमकवायची पेस्ट घालून रुळवतात. दोन दिवसांत चाकू लोण्यासारखा चालायला लागतो हे खरं. पण तीच पेस्ट लॉकलाही खाते आणि रिव्हेटच्या चाकूतून ती पुन्हा पूर्ण निघत नाही. घाई करून मिळवलेला तो मऊपणा पुढे पातं हलण्याच्या रूपाने फेडावा लागतो.

नव्या लायनर लॉकचा एक त्रास हमखास भेटतो. पातं उघडतं, पण मिटताना लॉकची पट्टी चिकटून बसते, अंगठा दुखेपर्यंत ढकलावी लागते. त्यावर उपाय शाळेच्या कंपासपेटीत आहे. साधी एचबी पेन्सिल घ्या, पात्याच्या बुडाचा जो उतार लॉकला टेकतो त्यावर चार-पाच रेघा ओढा, उघडा-मिटा. ग्राफाइटने पट्टी सुटते. लॉकवर तेल मात्र नको, तिथे पकड हवी असते.

पेच: घड्याळाची पाच मिनिटं

स्क्रूच्या चाकूत नवखे लोक सगळ्यात जास्त बिघाड इथेच करतात. म्हणून जरा थांबून.

सांध्याचा पेच बहुतेक वेळा सहा टोकांच्या चांदणीचा असतो, टी-६ किंवा टी-८ मापाचा. मोबाइल दुरुस्तीच्या संचातला टी-६ हलक्या कामाला चालतो. टी-८ मात्र चांगल्या पोलादाचा, वेगळा घ्या. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळाला नाही तर मुंबईत नागदेवीला एक चक्कर मारा, हत्यारांचं तिथलं दुकान रिकाम्या हाताने पाठवत नाही. ढिला बसणारा पेचकस वापरू नका. पेचाचं डोकं एकदा गोल झालं की पुढचा सगळा खेळ संपला.

आता चाकू मिटून वरून बघा. पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध आहे का? उघडून लॉक लावा आणि पात्याची पाठ दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. मग वर-खाली. या दोन हालचाली वेगळ्या आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे.

पातं आडवं हलत असेल तर पेच सैल आहे, कसायचा. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकमध्ये आहे आणि पेच कितीही पिळला तरी तो जाणार नाही. नवा चाकू असा आला तर परत पाठवा. मी एकदा तो दोष पेचाने घालवायला गेले, वॉशर चेपला, चाकू विळ्यासारखा जड झाला आणि हलणं होतं तिथेच राहिलं. विक्रेत्याने “तुम्ही खोललाय” म्हणून परत घेतला नाही, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

कसताना पेच घड्याळाच्या काट्यासारखा समजा. एका वेळी पाच मिनिटं, म्हणजे एका फेरीचा बारावा भाग. प्रत्येक पाच मिनिटांनी पातं उघडून बघा. आडवं हलणं जिथे थांबतं आणि पातं अजून मोकळं फिरतं, ती तुमची जागा. बऱ्याच चाकूंना ही जागा एवढी अरुंद असते की एका मिनिटाने चुकते. ती सापडली की पेच निसटू नये म्हणून डोक्याच्या कडेला मध्यम ताकदीच्या, निळ्या थ्रेडलॉकरचा (पेच धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) कण लावा. नसेल तर नखपॉलिश. माझ्या एका चाकूच्या पेचावर चार वर्षांपासून मरून रंग आहे आणि ट्रेकला सगळे विचारतात. फक्त पॉलिश आत वॉशरपर्यंत ओघळू देऊ नका.

पूर्ण खोलून साफ करायचा मोह पहिले सहा महिने आवरा. काही कंपन्या खोललेल्या चाकूची वॉरंटी देत नाहीत. पुढे खोलावाच लागला तर परातीत खोला. आत बेअरिंग असतील तर त्यांचे गोळे मोहरीएवढे असतात आणि फरशीवर पडलेला गोळा पलंगाखालीच जातो. प्रत्येक भाग काढल्यावर मोबाइलवर फोटो घ्या. वॉशर कुठल्या बाजूचा होता हे दहा मिनिटांनी आठवत नाही.

तेल कुठलं

मराठी घरात पहिला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला होता. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं. डिसेंबरच्या पहाटे ठाण्यात बाटलीत ते पांढरं झालेलं आपण बघतोच, सांध्यातही तेच होतं. गोडंतेल त्याहून वाईट. स्वयंपाकाचं तेल हवेत राहिलं की हळूहळू चिकट होत जातं. तेलाच्या कावळ्याच्या बुडाला किंवा एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो पिवळा, खरवडून निघणारा थर असतो, तोच चाकूच्या सांध्यात तयार होतो आणि वर खिशातला कापूस-कचरा पकडून ठेवतो.

चाकू फक्त दोऱ्या, खोकी, टेप कापायला असेल तर शिलाई मशीनचं तेल उत्तम. पातळ असतं, थेंब टाकायचं टोक बाटलीलाच असतं, आणि एक छोटी बाटली अनेक वर्षं पुरते. फळं, भाजी, पाव कापत असाल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. ते खनिज तेलच आहे, पण औषधी दर्जाचं. मूळ उपयोग बद्धकोष्ठावर. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी “कुणाला त्रास होतोय?” असं काळजीने विचारलं. “चाकूला,” म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज फार. त्याचं नावच ‘पाणी हटवणं, चाळिसावा प्रयत्न’ अशा अर्थाचं आहे. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने ते धातू गंजू नयेत म्हणून बनवलं. भिजलेल्या सांध्यातलं पाणी बाहेर काढायला आणि जुनी घाण सैल करायला ते छान. पण त्यातला बराच भाग उडून जातो आणि मागे पातळ पापुद्रा उरतो. म्हणून फवारा, पुसा, आणि नंतर खऱ्या तेलाचा थेंब द्या.

जून ते सप्टेंबर

या चार महिन्यांत चाकूवर कडक नियम लागू करा, उरलेले आठ महिने थोडं दुर्लक्ष चालतं.

ओला चाकू मिटायचा नाही. नाइलाजाने मिटलाच तर घरी पोचल्यावर, चहाच्या आधी, उघडायचा. पातं पुसून पुरत नाही, खोबणीत टिश्यूची घडी घालून फिरवा, मग पंख्याखाली ठेवा. वाशी, ऐरोली, बेलापूर किंवा आमच्याकडे कोलशेतच्या बाजूला राहणाऱ्यांना खाडीचा खारा वारा वेगळा. मीठ मिसळलेल्या ओलाव्यात गंजाची क्रिया जलद चालते, त्यामुळे तिथे महिन्याऐवजी पंधरवड्याने तेल द्या. हाताचा घामही खाराच. लोकलच्या गर्दीतून आल्यावर सॅकमधल्या चाकूवर बोटांचे ठसे राहिले तर दोन दिवसांत कार्बनच्या पात्यावर ते ठसे तांबूस उमटलेले दिसतात, पोलिसांच्या कामाचे.

चामड्याच्या म्यानात पावसाळ्यात चाकू ठेवू नका. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी येते तेव्हा म्यानाच्या आत काय चाललं असेल ते कळतंच. मी चाकू स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवते, तळाला सुती कापड आणि बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. पुड्या दर पावसाळ्याला नव्या.

सांध्याची तब्येत कानाने आणि बोटाने कळते. मिटताना वाळू चावल्यासारखी करकर आली किंवा बाहेर येणारं तेल विटकरी दिसलं तर आत गंज सुरू झालाय. पहिल्या दिवसाचा धुणे-वाळवणे-तेल हा क्रम तीन-चार वेळा करा. पात्यावरचे वरवरचे तांबूस ठिपके तेलाचा थेंब आणि शाईच्या खडबडीत खोडरबराने निघतात. त्याने न गेले तर हजार नंबरचा पॉलिश पेपर, तेल लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने. खड्डा पडला असेल तर तो राहू द्या. तो घालवायच्या नादात पातंच पातळ होतं.

आता धार

बरेचसे नवे चाकू धारदारच येतात. पहिल्या दोन महिन्यांत दगड हातात घ्यायची गरज पडू नये. टोमॅटोवर पातं घसरायला लागलं, वर्तमानपत्र कापण्याऐवजी फाडायला लागलं की वेळ झाली.

नौपाड्याच्या गल्ल्यांतून सायकलवर चाक लावून हिंडणारा धारवाला अजून येतो. आमच्याकडच्या कात्र्या आणि सुऱ्या त्याच्याकडेच जातात, माणूस हुशार आहे. पण घडीचा चाकू त्याला देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ टोक क्षणात तापतं आणि ३०० अंशांच्या आसपास गेलं की पोलाद निळं पडतं. तेवढ्या भागाचा कडकपणा गेला, मग तिथे धार टिकत नाही. शिवाय चाकावर टोक गोल होतं. माझ्या एका चाकूचं टोक असंच बोरीच्या पानासारखं झालं होतं.

कार्बोरंडमचा दुहेरी दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. सुरुवातीला पुरे. नंतर हौस वाढली तर १००० आणि ३००० नंबरचे पाण्याचे दगड घ्या. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही.

कोन हा सगळ्यांना अडवतो. खिशातल्या चाकूला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश योग्य. हा कोन डोळ्यांना शिकवायला कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, तो ९० अंशांचा. एकदा घडी घातली की ४५, पुन्हा घातली की साडेबावीस. तो तुकडा दगडावर उभा धरून पातं त्यापेक्षा किंचित खाली झुकवा. शंका असेल तर धारेच्या उतारावर पर्मनंट मार्करने रेघ ओढा आणि दगडावर दोनदा फिरवून बघा. शाई उताराच्या फक्त पाठीकडच्या भागातून गेली तर कोन कमी पडतोय. फक्त कडेवरून गेली तर जास्त होतोय. सगळी गेली तर हात तसाच ठेवा.

एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेच्या कडेवर अगदी बारीक कंगोरा येईपर्यंत. तो दिसत नाही, लागतो: अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवला की किंचित अडकल्यासारखं होतं. अंगठा धारेच्या लांबीवरून कधी फिरवू नका. कंगोरा टोकापासून बुडापर्यंत सलग आला की बाजू बदला. बहुतेकांची धार लागत नाही ती कंगोरा येण्याआधीच बाजू बदलल्यामुळे, कारण पाच मिनिटांत कंटाळा येतो. दोन्हीकडून झालं की बारीक बाजूवर हलक्या हाताने आळीपाळीने फिरवा, आणि शेवटी बाबांच्या जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे आणि धार मागे, दहा-दहा वेळा ओढा. पट्टा नसेल तर घडी घातलेलं वर्तमानपत्रही काम करतं.

धार लावल्यावर चाकू धुवायला विसरू नका. दगडाची भुकटी सांध्यात गेली की रुळवलेलं सगळं पुन्हा खरखरीत होतं.

बाहेर नेताना

शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या वर्गात येतात, घरगुती, शेती वा औद्योगिक कामाची सोडून. खिशातला चाकू त्या मापांपेक्षा बराच लहान असतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त अधूनमधून मनाई आदेश काढतात आणि त्यांत सुरेही असतात. त्या काळात, सभा-मिरवणुकीत, मॉलमध्ये, मेट्रोत चाकू नेऊ नका. ट्रेकला जाताना सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्यासोबत. विमानात हँडबॅगेत अजिबात नाही. आणि खटक्याचा रामपुरी हौसेने घेऊन मिरवायचा असेल तर हा लेख त्यासाठी नाही.

खंडेनवमी

मोठी साफसफाई वर्षातून एकदा पुरते. मी ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी करते, कारण त्या सुमाराला पाऊस ओसरलेला असतो आणि वागळेच्या गाळ्यांत यंत्रांना हार चढत असतात. बाबांच्या वेळेला कारखान्यात आधी मशीन पुसून तेल दिल्याशिवाय फूल ठेवू देत नसत, आमच्या घरीही तोच नियम. चाकू, कात्र्या, विळी, पाने, पेचकस असे सगळे जुन्या चादरीवर मांडायचे. प्रत्येक सांधा उघडायचा, धुवायचा, वाळवायचा, पेच तपासायचा, थेंब द्यायचा. लाकडी मुठीवर जवसाचं तेल पातळ हाताने चोळायचं, पंधरा मिनिटांनी उरलेलं कोरड्या फडक्याने पुसायचं. त्याने लाकूड पाणी कमी पितं, फुगायचं पूर्ण थांबत नाही. तेलाचे बोळे मात्र गठ्ठा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचे फडके दाबून ठेवले की आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवायचे.

मग पूजा. हळद-कुंकू ओलं लावतो आपण, ते पूजा झाल्यावर पुसायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. बाबा दरवर्षी आठवण करायचे आणि मी एका वर्षी ऐकलं नाही. माझ्या ओपिनेलच्या पात्यावर, बुडाशी, कुंकवाच्या बोटाएवढा करडा डाग आहे.